इथे एक सुमिना टाक

“अगं, इथे एक सुमिना टाक ना! कळत नाहीये तर सुमिना टाक आणि पुढे चल.”

हे शब्द मागच्या बाकावरून आले आणि पोकुआच्या हातातली मक्याच्या पेजेची गरम पिशवी निसटून मांडीवर पडली. फुटली नाही हे नशीब, नाहीतर ऑफिसचा झगा गेलाच होता. ट्रोट्रो, ती खच्चून भरलेली भाड्याची व्हॅन, टेक जंक्शन सोडून बाजाराकडे निघाली होती. दारात लोंबकळणारा मेट, म्हणजे कंडक्टर, “केजेटिया, केजेटिया, केजे-केजे” असा कोकलत होता, शेजारची बाई टोमॅटोच्या पाटीवर हनुवटी टेकून पेंगत होती, खिडकीतून हरमाटान वाऱ्याची बारीक धूळ आत येत होती. सगळं रोजचंच. आणि त्या रोजच्यात कुणा परक्या पोरीने तिच्या भावाचं नाव घेतलं होतं, तेही जेवताना मीठ मागावं इतक्या सहज. पोकुआने मान वळवली नाही. मान वळवली आणि नुसता भास निघाला तर? तिने श्वास धरला, सगळं अंग कानात गोळा केलं. तिची तिलाच लाज वाटली. चाळिशीला टेकलेली बाई, ऑफिसात चार पोरांना कामाला लावणारी, आणि इथे ट्रोट्रोत नववीतल्या पोरीसारखी फुलून आली होती. “टाकला बाई,” दुसरी पोर म्हणाली, “आता हे गर्भनाळेचं कुणाला विचारायचं ते बघ.” म्हणजे भास नव्हता. सुमिनाच. तिचाच सुमिना. देवा रे, आत्ता हिच्या मागे, दोन हातांवर, तिने घरात बसून केलेली चौकट कुणाच्या तरी मांडीवर उघडी होती!

गोष्ट तशी एवढीशी. टिपणं काढायचं एक अ‍ॅप आहे, विद्यार्थी वापरतात, वकील वापरतात, ज्यांना काही लक्षात राहत नाही असे सगळे वापरतात. त्यात पान म्हणजे नुसती ओळीखाली ओळ, भाताच्या ढिगासारखी. कुठे डोळा टेकवावा कळत नाही. पोकुआने त्याच्यासाठी एक छोटा प्लगिन, म्हणजे वरून जोडायचा प्रोग्रॅमचा तुकडा, लिहिला होता. लिहिता लिहिता एक खूण करायची, पुढे एक नाव टाइप करायचं, की तिथल्या तिथे रंगीत चौकट उभी राहते. तिला तिची कड, तिचा रंग, कोपऱ्यात तिचं चित्र. इशाऱ्याची वेगळी, सल्ल्याची वेगळी, थोरामोठ्यांच्या बोलाची वेगळी, अडलेल्या प्रश्नाची वेगळी. आपल्याला हवी तशी नवीही घडवता येते. रविवारी चर्चहून आलं, जेवलं, की ती हे खेळत बसायची. हो, खेळच. ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका निस्तरायच्या, मग रविवारी स्वतःच्या चुका कराव्यात की. आणि तिने चूक केली, अगदी पोट भरून केली. चौकटींना नावं काय द्यायची हा विचार पुढे ढकलून तिने तात्पुरती घरातली नावं घातली. इशाऱ्याची लाल चौकट म्हणजे अबेना, कारण अबेनामावशी तोंड उघडते ते “पडशील” म्हणायलाच. सल्ल्याची निळी म्हणजे माआमे, आई. बोलांची तपकिरी म्हणजे नाना, घरातलं म्हातारं माणूस. आणि प्रश्नाची? प्रश्न म्हटला की या घरात एकच माणूस. नंतर नीट, सगळ्या जगाला कळतील अशी नावं घालू असं ठरवून तिने फाइल बाजूला ठेवली, आणि ज्या दिवशी प्लगिन जगासाठी खुला केला त्या दिवशी तीच फाइल गेली. तिला कळलं तेव्हा नॉर्वेतून एका माणसाचं पत्र येऊन पडलं होतं: चौकटी फार आवडल्या, पण ही अबेना कोण आहे आणि ती एवढी चिडलेली का असते? पोकुआ इतकी हसली की खुर्ची मागे गेली. दुरुस्त करायचं म्हणून बसली आणि मग केलंच नाही. कुठे कुठे माणसं मावशीला हाक मारून सावध होत होती, मावशीला त्याचा पत्ताही नव्हता, ती आपली असाफोच्या घरात बसून शेजाऱ्यांच्या शेळीला शिव्या देत होती. ही गंमत कुठून मोडायची?

पण आज ती मोडायची होती. सगळी नाही, एकच. आज ऑफिसात पोचायचं, चहाआधी नवी आवृत्ती सोडायची आणि सुमिना काढून तिथे साधा ‘प्रश्न’ घालायचा, असं वचन ती देऊन बसली होती. रविवारी भाऊ आला होता. दार न वाजवता आत शिरला, बसला नाही, पाणी दिलं ते घेतलं नाही. म्हणजे भांडायला आलाय हे कुणालाही कळावं. “तू माझं नाव विकायला काढलंस?” तो म्हणाला. पोकुआला आधी कळेचना. मग त्याने सांगितलं. डेंटा, त्याची होणारी बायको, नर्सिंगच्या कॉलेजात शिकवते. ती त्याच्या शेजारी बसून टिपणं काढत होती आणि काढता काढता म्हणाली, “बघ, कुणा शहाण्याने प्रश्नाच्या चौकटीला सुमिना, म्हणजे चक्क उकिरडा, नाव दिलंय, पण झकास आहे हं.” आणि हसली. तोही हसला. हसला, आणि रात्रभर झोपला नाही. शनिवारी त्यांच्या घरचे डेंटाच्या दारी जाणार होते, जिनच्या बाटल्या घेऊन, दार ठोठावायला, म्हणजे मागणी घालायला. त्या विधीत मुलीकडचा म्हातारा उठून विचारतो, मुलगा कोण, कुणाचा, नाव काय? “मी क्लिफर्ड आहे,” भाऊ म्हणाला. “दुकानावर क्लिफर्ड आहे, लायसनवर क्लिफर्ड आहे. ते दुसरं नाव आईपुरतं आहे, ती म्हातारी आहे, मी सोसतो. पण तू ते जगाच्या हातात दिलंस! शनिवारच्या आत ते गेलं पाहिजे, नाहीतर तू मला बहीण नाहीस.” आणि पोकुआ म्हणाली, बरं. दुसरं काय म्हणणार? नाव त्याचं.

मागे पोरींचं अजून चालूच होतं. आता पोकुआने धूळ झटकायच्या निमित्ताने जरा वळून पाहिलं. दोघी कॉलेजच्या पोरी, एकीच्या मांडीवर लॅपटॉप, त्याच्या कडा चिकटपट्टीने सांधलेल्या. पडद्यावर ती चौकट होती. शेवाळी पोट, हळदीसारखी पिवळी कड, कोपऱ्यात पपईचं रोपटं. आपली वस्तू परक्याच्या घरात मांडलेली पाहिली की कशी ओळखीची आणि अनोळखी दोन्ही दिसते, तसं पोकुआला झालं. तिला हात लावावासा वाटला.

“सुमिना म्हणजे काय गं पण?” लॅपटॉपवाली विचारत होती. बोलण्यावरून उत्तरेची वाटत होती, ताम्लेकडची.

“तुला माहीत नाही? आणि रोज टाकतेस?”

“मला वाटलं जपानी असेल. सुशी, सुमो, सुमिना.”

दुसरी एवढ्यांदा हसली की टोमॅटोवाली दचकून जागी झाली. “अगं ए जपानी! सुमिना म्हणजे उकिरडा. कचऱ्याचा ढीग! आमच्याकडे पोराचं नाव ठेवतात असं.”

“चल! पोराला कोण उकिरडा म्हणेल?”

“जिची जगत नाहीत ती. विचार कुणालाही.” तिने समोर पाहिलं, पोकुआ दिसली. “या ताईंना विचार. काय हो ताई, ठेवतात की नाही?”

“ठेवतात,” पोकुआ म्हणाली. तिचा आवाज भलताच वर गेला. तिला सांगायचं होतं, ही चौकट मी केली! हे पपईचं झाड मी काढलंय, त्याचं एक पान वाकडं आहे ते मुद्दाम! जिभेवर आलंच होतं. पण तोंडातून निघालं ते, “आवडते का तुम्हाला ती?”

“आवडते म्हणजे?” ताम्लेची पोर म्हणाली. “आमच्या अख्ख्या वर्गाचं काम तिच्यावर चालतं. आधी ज्याचं उत्तर येत नाही ते मी गाळायची. परीक्षेत नेमकं तेच यायचं. आता तिथल्या तिथे सुमिना. पान उघडलं की तो आपला बसलेला असतो, माझं काय झालं म्हणत. पिच्छाच सोडत नाही मेला.”

मेला! पोकुआ पुढे वळली, नाहीतर त्या पोरींना तिचे डोळे दिसले असते. पिच्छाच सोडत नाही. हुबेहूब तो. पाच वर्षांचा असताना तो वडिलांच्या मागे मागे सुआमेच्या गॅरेजांत फिरायचा, आणि वडील लॉऱ्यांवर बोधवाक्यं रंगवायचे. आधी कड काढायचे, चारी बाजूंनी, मग आत सावली, आणि मगच अक्षरं. “आधी घर, मग बिऱ्हाड,” म्हणायचे. पोकुआ चौकट शिकली ती तिथे, कुठल्या वर्गात नव्हे. आणि हा कार्टा डबा धरून उभा आणि तोंडाची टकळी सुरू. लॉरी पुढे जाते मग वाक्य मागे का लिहिता? मागचा माणूस वाचायला शिकला नसेल तर? देव वरून बघतो तर छपरावर का नाही लिहीत? वडील ब्रश धुवायचे आणि म्हणायचे, याला कुणी तरी न्या रे. शाळेत मात्र त्याचे प्रश्न बंद पडले. हजेरीला मास्तर “सुमिना” म्हणायचे आणि सगळा वर्ग नाक धरायचा. पोरांची जात ती, त्यांना एवढं पुरतं. बाप्तिस्मा झाला तेव्हा त्याने स्वतः पुस्तकातून नाव शोधून काढलं, क्लिफर्ड, आणि त्या दिवसापासून दुसऱ्या कुठल्या हाकेला ओ दिली नाही. फक्त आईच्या. आई काही बदलली नाही. पाहुण्यांसमोर, पाद्र्यासमोर, लायसन द्यायला आलेल्या साहेबासमोर, “सुमिना, पाय पूस” म्हणायची. तो तिला म्हणायचा, आई, पुरे. ती म्हणायची, पुरे कसं? अजून आहेस ना तू?

अजून आहेस ना तू. हे वाक्य आत्ता आठवलं आणि पोकुआने पेजेची पिशवी घट्ट धरली. कारण रविवारपासून ती ज्याच्याकडे बघत नव्हती ते हेच होतं. ती नऊ वर्षांची होती. हा दोन दिवसांचा. शेजारच्या म्हाताऱ्या आल्या, त्यांनी त्याला केळीच्या पानात घेतला आणि घरामागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवला. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. लहान पोरांना कोण सांगतं? तिला वाटलं, टाकला. आधीचे गेले, आता यालाही टाकला. तिथे राख धुमसत होती, रताळ्याच्या साली होत्या, आणि मधोमध एक पपईचं रोप आपोआप आलेलं होतं, हातभर, हिरवंगार, त्याच्या सावलीत ते पोर. ती किंचाळत धावली. एका म्हातारीने तिचा दंड असा धरला की चार दिवस निळा होता. “गप! नाव घेऊ नकोस, रडू नकोस, त्याचं कुणी नाही असं दाखव!” मग कोपऱ्यावरची डोना, जिच्याकडून आई कांदे घ्यायची, ती अगदी नाटकात येतात तशी आली, पोर उचललं, घराच्या पुढल्या दारी गेली आणि ओरडली, “उकिरड्यावर पोर सापडलंय! कुणाला हवंय का?” आणि आतून आई, जिला नुसतं उठूनही बसवत नव्हतं, ती म्हणाली, “शी! असलं पोर कोण घेईल? ठेव कोपऱ्यात. भांडी घासायला होईल.” तो आवाज! पोकुआने आयुष्यात पुष्कळ नाटकं पाहिली, तसा आवाज कुणाला काढता आला नाही. एका एका शब्दाला आई थरथरत होती आणि एकही शब्द ओला होऊ देत नव्हती. मृत्यू म्हणे दाराशी उभा असतो, लाडाचं पोर बघून उचलतो. उकिरड्याकडे कोण बघतं? आणि त्याने बघितलं नाही. पोर जगलं. ताप आला, गोवर आला, एकदा विहिरीत पडला, सगळ्यातून उठला, आणि आज बांताम्यात पांढरा कोट घालून लोकांना गोळ्या देतो.

आता हे सगळं पोकुआ मानते असं नाही. छे, ती शिकलेली बाई. एका अक्षराचा फरक पडला तर प्रोग्रॅम का चालत नाही हे ती दहा मिनिटांत शोधून काढते. नाव आणि माणूस यांच्यात कसली तार नसते हे तिला कळत नाही का? कळतं. पण आई पंच्याहत्तरीला आली. ते नाव घेणारं जगात एकच तोंड उरलं होतं, आणि ते तोंड मिटलं की मग? हा विचार तिने स्वतःशीसुद्धा पुरा केला नव्हता. मग चौकटींना नावं घालताना बोटं आपोआप तिकडे का गेली? आणि चुकीची फाइल गेली ती खरंच चुकून गेली? तिने हजार फाइली पाठवल्या असतील, एवढी एकच चुकली. ट्रोट्रो खड्ड्यातून उसळली आणि पोकुआला एकदम, अगदी स्वच्छ, दिसलं. ताम्लेची पोर त्याचं नाव घेते. तिचा वर्ग घेतो. तो नॉर्वेचा माणूस घेतो, ब्राझीलची ती बाई घेते जिने पपईबद्दल विचारलं होतं, ज्यांना ट्वी भाषेचा एक शब्द येत नाही असे कितीतरी लोक कुठल्या कुठल्या खोल्यांतून, अडलं की पहिलं त्यालाच हाक मारतात. दिवसा मारतात, आणि इथे अंधार असतो तेव्हा तिकडचे मारतात. आईने एकटीने जे धरून ठेवलं होतं ते आता इतक्या जणांच्या हातात होतं. एवढ्यांनी रोज उकिरडा, उकिरडा म्हटल्यावर मृत्यू याच्याकडे बघेलच कशाला! तिला हसू फुटलं, मोठ्याने. टोमॅटोवालीने तिच्याकडे पाहिलं आणि पाटी जरा पलीकडे सरकवली. हसू दे नाहीतर काय. आनंद इतका झाला होता की बसवत नव्हतं. आणि त्याच आनंदाच्या पोटात भीती, की हे सगळं ती आज चहाआधी स्वतःच्या बोटाने पुसणार होती.

केजेटियाला ती उतरली. ऑफिस अदुमला, डावीकडे. ती उजवीकडे वळली आणि बांताम्याच्या रस्त्याला लागली. पायांत काय शिरलं होतं कोण जाणे, शव नेणाऱ्या गाडीमागे चालावं तशी लोकं सुस्त चालत होती आणि ही सगळ्यांना ओलांडून झपाझप. वेडी कुठली, ती स्वतःला म्हणत होती, त्याला काय सांगणार आहेस? की तुझं नाव पुसायला मला भीती वाटते? तो फार्मसी शिकलाय, तो तुला गोळी देईल. पण पाय ऐकत नव्हते.

दुकान नुकतंच उघडलं होतं. पाटीवर वडिलांनी शेवटच्या दिवसांत रंगवलेलं ‘क्लिफर्ड’, लाल सावलीसकट. भाऊ काउंटरमागे खोकी फोडत होता.

“झालं?” त्याने न बघताच विचारलं.

“नाही.”

“नेटवर्क नव्हतं?”

“नेटवर्क होतं. माझं बोट नव्हतं.”

त्याने खोकं खाली ठेवलं. “पोकुआ, आज गुरुवार आहे.”

“माहीत आहे. ऐक. ट्रोट्रोत दोन पोरी होत्या. तुझं नाव घेत होत्या. एकीला ते जपानी वाटत होतं.” तिला पुन्हा हसू आलं, आणि हसता हसता शब्द भराभर सांडायला लागले. पोरी, पपई, नॉर्वे, डोनाचं नाटक, आईचा आवाज, सगळं एकात एक. तो ऐकत होता आणि त्याचं कपाळ आक्रसत चाललं होतं. “...आणि मला भीती वाटते,” ती म्हणाली. “बस. हस आता.”

“मी औषधं विकतो,” तो सावकाश म्हणाला. “हिवतापाला काय, खोकल्याला काय, मला पाठ आहे. नावाने माणूस जगतो असं माझ्या कुठल्याच पुस्तकात नाही.”

“मग तूच कर.” तिने फोन उघडला, नवी आवृत्ती तयारच होती. उजव्या हातात पेजेची पिशवी अजून तशीच, म्हणून तिने फोन डाव्या हाताने पुढे केला. “या खुणेवर बोट ठेव. गेलं समज.”

“डाव्या हाताने देतेस?” तो खेकसला. “अक्कल आहे का? अशी वस्तू देतात?”

“तू मानतोस हे?”

“मानतो न मानतो, डाव्या हाताने देऊ नये!”

तिने पिशवी खाली ठेवली आणि उजव्या हाताने फोन दिला. त्याने घेतला. पडद्याकडे पाहिलं. तिने त्याला चौकट दाखवली तशी त्याने ती पहिल्यांदाच नीट पाहिली. रविवारी तो नुसत्या नावावर भांडला होता. “हे झाड कसलं?” त्याने विचारलं. तिने सांगितलं. त्याचा अंगठा खुणेवर आला, तिथे राहिला. बाहेर कुणीतरी पाण्याच्या पिशव्या विकत ओरडत गेलं. दाबेल. आता दाबेल. दाबलं तर काही होणार नाही, तो इथेच उभा असेल, कोट घालून. मग त्याचा हात धरून मागे ओढावा असं तिला का वाटत होतं?

“तू दाब,” तो म्हणाला आणि फोन काउंटरवर ठेवला. “प्लगिन तुझा आहे.”

“नाव तुझं आहे.”

“पोकुआ, दाब म्हणतो ना!”

“का? पुस्तकात तर काहीच नाही.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. आणि पोकुआला कळलं की हा पण घाबरतो. हा पण! इतकी वर्षं आईला पुरे म्हणत होता आणि हाकेसरशी ओ देत होता, ती काय नुसती माया म्हणून? तिला त्याला मिठी मारावीशी वाटली, आणि ओरडावंसंही. दोघं मोठी, शिकली सवरलेली माणसं एका फोनकडे साप पडल्यासारखी बघत उभी होती.

“शनिवारी नाव विचारतील,” तो शेवटी म्हणाला. “त्या म्हाताऱ्याला मी काय सांगू? आणि ती? ती हसली होती गं. मी शेजारी बसलो होतो आणि ती हसली.”

“तिला माहीत नव्हतं.”

“म्हणून तर.”

मग त्याने स्वतःचा फोन काढला. पोकुआला वाटलं, वेळ बघतोय. त्याने डेंटाचा नंबर लावला, आणि फोन काउंटरवर आडवा ठेवून आवाज मोठा केला.

“सकाळी सकाळी?” पलीकडून डेंटा. मागे वर्गाचा गलका. “बोल लवकर, माझ्या पोरी वाट बघतायत.”

“ती चौकट आहे ना,” तो म्हणाला. “प्रश्नाची.”

“सुमिना? तिचं काय? काढली की काय कुणी? खबरदार हं, वर्षाची टिपणं आहेत माझी तिच्यात.”

“काढली नाही. ती माझ्या बहिणीने केलीय. आणि ते नाव...” त्याने एक खोकं बाजूला सारलं. “ते माझं आहे. जन्माचं. क्लिफर्ड मी मागून घेतलं. मला उकिरड्यावर ठेवला होता.”

गलका एकदम कमी झाला; ती वर्गाबाहेर आली असावी. पोकुआने खोकल्याच्या बाटल्यांकडे नजर लावली. हसू नकोस, ती मनात म्हणत होती, बाई गं, एवढं आत्ता हसू नकोस. भाऊ दोन्ही हातांनी काउंटरची कड धरून उभा होता.

“तुझ्या आधी किती गेले?” डेंटाने विचारलं.

पोकुआने मान वर केली. शाळेतली पोरं, मास्तर, पाद्री, जो तो नावाचा अर्थ विचारायचा. हे कधी कुणी विचारलं नव्हतं. घरात तर नाहीच. घरात त्या विषयाला दारच नव्हतं.

“तीन,” भाऊ म्हणाला.

“आणि त्यांची नावं?”

मग त्याने पोकुआकडे पाहिलं. त्याला माहीत नव्हती. त्याला कुणी सांगितलीच नव्हती, आणि त्याने, सगळं जग विचारून बेजार करणाऱ्याने, ही एवढी गोष्ट कधी विचारली नव्हती. पोकुआ फोनवर वाकली. इतक्या वर्षांत न उच्चारलेले ते शब्द आता कुठे सापडणार असं तिला वाटलं, पण ते जिभेवरच होते, जणू कुणी विचारायचीच खोटी होती.

“पहिला ओसेई,” ती म्हणाली. “त्याला मी पाठीला बांधून फिरवायचे. मग ब्रागो, तिला दोन दात आले होते. तिसरी नाव ठेवायच्या आठव्या दिवसापर्यंत राहिली नाही, म्हणून तिचं नाव ठेवलंच नाही. पण शुक्रवारी झाली होती, आणि शुक्रवारची मुलगी म्हणजे अफिया. मी तिला अफिया म्हणते.”